परदेशातील बंदिवान आणि आपण

गोवा मुक्तिदिनाच्या निमित्ताने गेल्या वर्षी आमच्या शाळेत वक्तृत्वस्पर्धा झाली. आठवीच्या एका विद्यार्थ्याने स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे यांच्यावर भाषण केले. पाठांतर चोख होते, आवाज खणखणीत होता आणि समारोपाला टाळ्याही भरपूर पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गोवा १९६१ साली मुक्त झाला ना? मग गोव्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस १९६९ पर्यंत आतच कसा राहिला? आपले सरकार काय करीत होते?"

घंटा झाली आणि आम्ही सुटलो. वर्गातून सुटलो, प्रश्नातून मात्र सुटलो नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या प्रश्नाला घंटेच्या आड लपून उत्तर टाळावे, हे आमच्या मनाला लागून राहिले. या वार्षिकाच्या संपादकांनी लेख मागितला, तेव्हा तीच उधारी फेडावी असे आम्ही ठरविले.

प्रथम हकीकत पाहू. रानडे यांचे मूळ नाव मनोहर आपटे. जन्म सांगलीचा, शिक्षण कायद्याचे. १९५० साली ते गोव्यात आले ते मराठीचे शिक्षक म्हणून. परंतु पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लढा देणे हा त्यांचा खरा हेतू होता. आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र कार्यात त्यांनी उडी घेतली. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी झाले व पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि गोवा मुक्त होण्यापूर्वीच त्यांना पोर्तुगालमध्ये, लिस्बननजीकच्या काशियास किल्ल्यातील तुरुंगात नेण्यात आले. बंदिवासाचा मोठा भाग त्यांनी एकांतकोठडीत काढला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पणजीत तिरंगा फडकला, आग्वादचे दरवाजे उघडले, घरोघरची माणसे घरी आली. ज्या भूमीसाठी रानडे तुरुंगात गेले ती भूमी सुटली. ते मात्र हजारो मैलांवर, त्याच राजवटीच्या कुलपाआड राहिले. मुलाच्या प्रश्नातली सात वर्षे तीच होत.

आता सरकार काय करीत होते, हे पाहावयाचे, तर सरकारला काय करता येत होते हे आधी पाहिले पाहिजे. एका देशाचा नागरिक दुसऱ्या देशात पकडला गेला, तर त्याच्या मदतीला धावते ती त्याच्या देशाची वकिलात. परंतु गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगाल बोलावयासच तयार नसल्याने भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली होती आणि १९५५ साली उभय राष्ट्रांचे राजनैतिक संबंध पूर्णपणे तुटले होते. भारताचे पोर्तुगालमधील हितसंबंध इजिप्तने व पोर्तुगालचे भारतातील हितसंबंध ब्राझीलने पाहावे अशी व्यवस्था झाली. दोन भावांत अबोला असावा आणि निरोप शेजाऱ्याने पोचवावा, तशातली ही गत. आणि १९६१ नंतर तर अबोल्याचे वैरात रूपांतर झाले. गोवा आपलाच प्रांत आहे असे पोर्तुगाल १९७४ च्या क्रांतीपर्यंत म्हणत राहिला. भारताचे सार्वभौमत्व त्याने मान्य केले ते त्या वर्षाच्या अगदी अखेरीस. ज्या राजवटीला गोवा भारताचा आहे हेच मान्य नव्हते, ती रानडे यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून सोडील कशी?

येथे जाणते वाचक एक प्रश्न विचारतील. मुक्तीनंतर पोर्तुगालचे तीन हजारांहून अधिक सैनिक आपल्या ताब्यात होते. मे १९६२ पर्यंत ते सारे मायदेशी परत गेले. त्यांच्या बदल्यात एक रानडे मागता आले नसते काय? हा प्रश्न आमच्याही मनात अनेकदा येऊन गेला. परंतु विचारांती आमचे मत असे बनले आहे की, शरण आलेले सैनिक हे ओलीस नव्हेत. लढाई संपल्यावर युद्धकैद्यांना परत पाठवावे, असे १९४९ च्या जिनिव्हा कराराचे सांगणे आहे आणि ते भारताने पाळले. ते पाळले म्हणून आपण लहान झालो नाही. मात्र एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही की, ते सैनिक आपापल्या आईला भेटले, त्या दिवशी आपल्या माणसाची आठवण दिल्लीत जितक्या तीव्रतेने व्हावयास हवी होती तितकी झाली असती, तर पुढची वर्षे कदाचित थोडी कमी झाली असती. न्यायाने वागणे हे सरकारचे कर्तव्य खरेच; पण न्यायाने वागलो म्हणजे आपल्या माणसाचे विस्मरण क्षम्य ठरते, असे नव्हे.

रानडे यांचे विस्मरण होऊ दिले नाही ते लोकांनी. सुविख्यात गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्या पुढाकाराने त्यांच्या विमोचनासाठी समिती झाली. फडके हे दादरा-नगरहवेलीच्या १९५४ च्या मुक्तिलढ्यात स्वतः उतरलेले. त्यांना ही वेदना ऐकून माहीत नव्हती, तर भोगून माहीत होती. या समितीने दारे ठोठावण्याचे काम सोडले नाही. आणि अखेर दार उघडले ते कोणाच्या हातून, तर मद्रास राज्याच्या म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांच्या! सी. एन. अण्णादुराई १९६८ साली परदेशयात्रेत व्हॅटिकनला गेले आणि त्यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे स्वतःसाठी वा आपल्या राज्यासाठी काही न मागता गोव्याच्या या बंदिवानासाठी शब्द टाकावा अशी विनंती केली. पोर्तुगाल हे कॅथलिक राष्ट्र. दिल्लीचा आवाज जेथे पोचत नव्हता तेथे पोपचा आवाज पोचला. त्याच वर्षी सालाझार आजारामुळे सत्तेवरून दूर झाले होते, त्याचाही हातभार लागला असावा. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ऐन तारुण्यात आत गेलेला माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर आला. अण्णादुराईंचे आभार मानण्यासाठी ते मद्रासला पोचण्यापूर्वीच, ३ फेब्रुवारी १९६९ रोजी, अण्णादुराई हे जग सोडून गेले होते. मराठी बोलणारा बंदिवान, तमिळ बोलणारा त्याचा कैवारी, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही! 'परोपकार' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचे पहिले उत्तर असे: सरकारचे हात बांधलेले होते, परंतु बांधलेल्या हातांनीही जेवढे करता येते तेवढे वेळीच झाले असे आम्हास वाटत नाही. जे झाले ते लोकांच्या चिकाटीने व एका थोर मनाच्या पुढाऱ्याच्या सौजन्याने झाले. आता प्रश्न असा की, बंदिवानाची सुटका अशी सौजन्यावरच अवलंबून राहावी काय? प्रत्येकाला सुधीर फडके कोठून भेटणार? प्रत्येकासाठी कोणी मुख्यमंत्री व्हॅटिकनची पायरी कशी चढणार?

याच विचारातून जगाने काही नियम केले आहेत. रानडे काशियासमध्ये असतानाच, १९६३ साली, व्हिएन्ना येथे वाणिज्य दूतांच्या संबंधांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे ३६ वे कलम प्रत्येक सुशिक्षित घरात ठाऊक असावे अशा योग्यतेचे आहे. परदेशी माणसाला अटक झाली, तर त्याला त्याचा हक्क समजावून सांगितला पाहिजे. त्याची इच्छा असेल तर त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळविले पाहिजे. आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याची भेट घेण्याचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याचा व त्याला वकील मिळवून देण्याचा अधिकार आहे. तो निर्दोष आहे असे हे कलम म्हणत नाही. त्याला सोडा असेही म्हणत नाही. ते एवढेच म्हणते की, त्याला अंधारात ठेवू नका.

हे एवढेसे वचन किती मोलाचे आहे, हे श्री. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणाने दाखविले. योगायोग असा की, तेही सांगलीतच जन्मले. नौदलातून निवृत्त झालेल्या या अधिकाऱ्याला मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने पकडल्याचे जाहीर केले. तो हेर आहे असे पाकिस्तानचे म्हणणे. व्यापारानिमित्त इराणमध्ये असता त्यांना तेथून पळवून नेले असे भारताचे म्हणणे. भारताने भेटीची परवानगी वारंवार मागितली, ती मिळाली नाही. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावल्याचे जाहीर झाले. ८ मे रोजी भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि दहाच दिवसांत, १८ मे रोजी, अंतिम निकाल होईपर्यंत फाशी देऊ नये असा आदेश मिळाला. भारताची बाजू मांडणारे हरीश साळवे यांनी त्यासाठी केवळ एक रुपया मानधन घेतले.

१७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. सोळा न्यायाधीशांपैकी पंधरांनी पाकिस्तानने ३६ व्या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला; विरोधात होते ते पाकिस्ताननेच नेमलेले एक न्यायाधीश. उभय देशांत २००८ साली झालेल्या करारात सुरक्षेच्या कारणास्तव अपवाद आहे, ही पाकिस्तानची सबब न्यायालयाने मानली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा, तोवर फाशीला स्थगिती राहावी, असे ठरले. पण त्याच निकालात आणखीही एक गोष्ट होती, ती सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शिक्षा रद्द करून जाधव यांना मुक्त करावे ही भारताची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. म्हणजे विजय मोठा होता, पण तो दरवाजा उघडणारा नव्हता. दोर कापणारा होता. भारतीय अधिकाऱ्याची पहिली भेट २ सप्टेंबर २०१९ रोजी झाली, तीही पाकिस्तानी अधिकाऱ्यांच्या देखत. आम्ही हे लिहीत असताना जाधव अद्याप तुरुंगात आहेत.

या प्रकरणातील एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. निकालाच्या आधी, २५ डिसेंबर २०१७ रोजी, जाधव यांच्या आई व पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटावयास गेल्या. मध्ये काच होती. भेटीपूर्वी मंगळसूत्र, बांगड्या, कुंकू उतरवावयास लावले गेले. आणि आई मुलाशी मातृभाषेत बोलू लागली, तेव्हा तिला वारंवार अडविण्यात आले, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीरपणे सांगितले. आमची घरची बोली कोंकणी व शाळेची भाषा मराठी. मातृभाषेचे महत्त्व या विषयावर आम्ही मुलांकडून आजवर शेकडो निबंध लिहून घेतले असतील. परंतु काचेपलीकडच्या मुलाशी मराठीत बोलू पाहणाऱ्या त्या मातेची हकीकत वाचली, त्या दिवशी ते सारे निबंध आम्हाला फिके वाटले.

याउलट जेथे संबंध सलोख्याचे असतात तेथे काय घडते, याचे उदाहरण कतारचे. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथे भारतीय नौदलातील आठ निवृत्त कर्मचाऱ्यांना अटक झाली. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी आठही जणांना फाशीची शिक्षा झाली. देश हादरला. वृत्तपत्रांतून गर्जना झाल्या. पण सरकारने गर्जना केली नाही. अपील झाले, परराष्ट्रमंत्री कुटुंबीयांना भेटले, १ डिसेंबरला दुबईत पंतप्रधान व कतारचे अमीर यांची भेट झाली. २८ डिसेंबरला फाशीऐवजी कारावास आला आणि १२ फेब्रुवारी २०२४ रोजी आठही जणांच्या मुक्ततेची वार्ता आली. सात जण तोवर मायदेशी पोचलेदेखील होते. बंद दारांआड काय बोलणे झाले ते बाहेर आले नाही. ते येऊही नये. ज्यांच्या संमतीने दार उघडते, त्यांना जगासमोर खाली पाहावयास लावून दार उघडत नसते.

मग आम्ही मौनाचे समर्थन करतो काय? येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. मौन दोन प्रकारचे असते. काम चालू आहे म्हणून बोलावयाचे नाही, हे एक मौन. आणि कामच नाही म्हणून बोलण्यासारखे काही नाही, हे दुसरे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सरकारने पहिले मौन पाळावे, आणि ते दुसऱ्यात बदलत नाही ना, यावर लोकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. संसदेत प्रश्न विचारावा, अर्ज करावा, समिती करावी, पण शत्रुत्वाची आग भडकेल असे बोलू नये. रानडे यांच्या विमोचन समितीने नेमके हेच केले. ती गप्प बसली नाही आणि तिने आरडाओरडही केली नाही. ती आठवण देत राहिली. लोकमताचा खरा धर्म तोच असे आमचे मत आहे.

आतापर्यंत आम्ही ज्यांची नावे वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत छापली गेली त्यांच्याविषयी लिहिले. पण २०२५ साली सरकारने संसदेला दिलेल्या माहितीप्रमाणे दहा हजारांहून अधिक भारतीय परदेशांच्या तुरुंगांत होते. त्यांतील कित्येक सौदी अरेबिया व अमिरातीसारख्या देशांत, जेथे आपली माणसे मोलमजुरीस जातात. त्यांची नावे कोणास ठाऊक? गुजरातचे व पालघरकडचे मच्छीमार समुद्रात वाहत जातात आणि पाकिस्तानच्या कोठडीत पोचतात. पाण्यावर रेघ कोणी ओढलेली नसते. ती ओलांडली की माणूस गुन्हेगार ठरतो. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारीस व १ जुलैस दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. नुसती यादी! पण ज्याचे नाव यादीत आहे तो जिवंत आहे, एवढे तरी त्याच्या घरी कळते.

याचे मोल काय, ते आम्ही जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यावरील एक तरुण तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, दूरच्या एका बंदरात अडकला. बोटीच्या मालकाचे काही कागद खोटे निघाले आणि खलाशांसह सर्वांनाच अटक झाली. घरी फोन येईना, पगार येईना. त्याची आई रोज तिन्हीसांजेला आमच्या ओट्यावर येऊन बसे. आम्ही इंग्रजीत अर्ज लिहीत असू आणि ती कागदाकडे बघत असे. एके दिवशी तिने विचारले, "सर, सरकाराक म्हज्या पुताची खबर आसा?" माझ्या मुलाची सरकारला खबर आहे का? त्याला सोडवा, असे ती म्हणाली नाही. पैसे मिळवून द्या, असेही म्हणाली नाही. तिला फक्त खबर हवी होती.

आम्हाला लाज वाटली ती अशी की, वकिलातीला लिहावयाचे तर पारपत्राचा क्रमांक हवा. आणि तो घरात कोणालाच माहीत नव्हता. बोटीचे नाव ठाऊक होते, तेही अर्धवट. चार दिवस शोधाशोध करून, देव्हाऱ्यामागच्या पत्र्याच्या डब्यात, नारळाच्या पावतीशेजारी एका जुन्या अर्जाची प्रत सापडली आणि तिच्यावर तो क्रमांक होता. तो मिळाल्यानंतर कामाला गती आली. एका दुपारी वकिलातीच्या अधिकाऱ्याने त्या बंदरातील तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतल्याचे कळले. सुटका व्हावयास आणखी चार महिने लागले. पण त्या दुपारनंतर त्याची आई रात्री जेवू लागली. ३६ व्या कलमाचा अर्थ आम्हाला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या माउलीच्या प्रश्नाने अधिक स्पष्ट केला. खबर हा बंदिवानाचा पहिला हक्क आहे. सुटका हा त्यानंतरचा.

काही जण म्हणतात, "पैशासाठी स्वतःच्या मर्जीने परदेशी गेला, आता त्याच्यापायी सरकारने का झिजावे?" किंवा म्हणतात, "गुन्हा केला असेल तर भोगू दे." पहिल्या आक्षेपाला उत्तर असे की, याच गेलेल्या माणसांच्या पैशांवर आमच्या कितीतरी घरांची कौले शाकारली गेली, देवळांचे जीर्णोद्धार झाले आणि मुलांच्या फिया भरल्या गेल्या, ते पैसे घेताना आपण ते 'आपले' म्हणतो, आणि संकटात मात्र परके मानावयाचे, हा न्याय नव्हे. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर असे की, गुन्हा केला की नाही हे ठरविण्यासाठीच तर न्यायालय असते. आणि परक्या भाषेत, वकिलावाचून, एकट्याने उभा असलेला आरोपी न्याय मागणार कसा? देशाचे संरक्षण हे पदक नव्हे की ते केवळ शूरांच्या छातीवर लावावे. ते छत्र आहे. पावसात उभ्या असलेल्या प्रत्येकावर ते धरले पाहिजे.

परंतु जो हक्क आपण मागतो तो दुसऱ्यालाही दिला पाहिजे. आमच्या गोव्यात देशोदेशींचे प्रवासी येतात आणि त्यांतील काही जण कोलवाळच्या कारागृहातही पोचतात. त्यांच्याविषयी नाक्यावर जे बोलले जाते ते आम्ही ऐकतो. त्यांनी गुन्हा केला असेल तर त्यांना शिक्षा जरूर व्हावी. पण त्यांच्याही वकिलातीला खबर गेली पाहिजे, त्यांनाही दुभाषी व वकील मिळाला पाहिजे, आणि त्यांच्याही आईला त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलता आले पाहिजे. आपण येथे पाळलेला नियम हाच परदेशी अडकलेल्या आपल्या माणसाचा सर्वांत बळकट वकील असतो.

आणखी एक गोष्ट गोव्यातील पालकांच्या कानावर घालावीशी वाटते. मुक्तीपूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते आणि ते घेऊन अनेक तरुण युरोपात जातात. त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पोटाची वाट प्रत्येकाची वेगळी असते. पण आपल्या कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की भारताचे संपते, आणि त्याबरोबर भारताच्या वकिलातीचे छत्रही दूर होते. ज्या पोर्तुगालने रानडे यांना तेरा वर्षांहून अधिक काळाच्या बंदिवासातील अखेरची सात वर्षे गोवा मुक्त झाल्यावरही अडकवून ठेवले, त्याच पोर्तुगालच्या वकिलातीकडे आज आमच्या मुलांना संकटात धाव घ्यावी लागेल. काळाचा हा महिमा आहे. निर्णय घेणाऱ्याने तो जाणून घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील कितीतरी जणांचे वडील, काका, मामा आज बोटीवर किंवा आखातात आहेत. आज घरी गेल्यावर एक काम करा. त्यांच्या पारपत्राची, व्हिसाची व नोकरीच्या कराराची प्रत घरात आहे का ते पाहा. मालकाचे पूर्ण नाव, कामाचे ठिकाण आणि तेथील भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. अशा तक्रारींसाठी सरकारने २०१५ पासून 'मदद' नावाचे संकेतस्थळ चालविले आहे, त्यावर अर्ज कसा करावा हे शिकून घ्या. तुमच्या आजीला ते येणार नाही, तुम्हाला येईल. अर्ज करावयास शिकविणे हा भाषेच्या अभ्यासक्रमातील कंटाळवाणा भाग आहे अशी तुमची तक्रार असते. एखाद्या दिवशी तोच अर्ज कोणाच्या तरी कोठडीचे दार उघडण्यास कारण होईल.

आणि मागच्या बाकावरील त्या मुलाला आमचे दुसरे व अखेरचे उत्तर. तू विचारलेस, सरकार काय करीत होते? प्रश्न योग्यच आहे. तो विचारीत राहा. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न लिहून ठेव: आपण काय करीत होतो? मोहन रानडे २५ जून २०१९ रोजी पुण्यात वारले. तुझ्याच शाळेसारख्या शाळेत शिकविणारा तो एक शिक्षक होता. त्याची आठवण लोकांनी सोडली नाही, म्हणून तो परत आला. ज्याची खबर कोणी ठेवीत नाही, तोच खरा बंदिवान.